माप जुळवा, मग तुलना करा: स्पोर्ट्स कार समजून घेणाऱ्या नवख्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या मशिन शॉपमध्ये डिप्लोमाची चार-पाच पोरं दर वर्षी ट्रेनिंगला असतात. चहाच्या सुट्टीत मोबाइल बाहेर निघतात आणि वाद ठरलेला. "काका, पोर्शे भारी काय लॅम्बो भारी, तुम्हीच सांगा हो." एक म्हणतो ही २.७ सेकंदांत शंभर गाठते, दुसरा म्हणतो हिचा टॉप स्पीड बघ, तिसरा किंमत सांगून दोघांचंही तोंड बंद करतो. मी त्यांना एवढंच विचारतो: जॉब मोजायच्या आधी मायक्रोमीटरवर काय बघायचं? सगळे एका सुरात म्हणतात, झीरो. मग गाड्या मोजताना झीरो कुणी बघितला?

वेग, रूप आणि किंमत या तिन्ही गोष्टी प्रत्येक कंपनी, प्रत्येक मासिक आणि प्रत्येक व्हिडिओ आपापल्या मापाने सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात राहणाऱ्याला त्यात आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात: आपला रस्ता आणि आपली सीमा. गाडी घ्यायची असो की नुसती समजून घ्यायची असो, मी पोरांना ज्या क्रमाने शिकवतो तोच क्रम इथे देतो. एक वही आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

पायरी १: गट पाडा

दोन कोटींच्या गाडीला पन्नास लाखांच्या गाडीशी झुंजवण्यात काही कळत नाही. वहीत तीन पानं करा.

पहिल्या पानावर पन्नास लाखांच्या आसपासच्या, चार माणसं बसतील अशा वेगवान गाड्या. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या दोन्ही २०२५ मध्ये भारतात आल्या, पहिली ५३ लाखांना, दुसरी पन्नास लाखांना, दोन्ही मोजक्याच संख्येने. दुसऱ्या पानावर पाऊण कोटी ते दोन कोटी: बॅटरीवरची एमजी सायबरस्टर (आली तेव्हा सुमारे ७५ लाख), बीएमडब्ल्यू एम२ (२०२४ चं सुधारलेलं मॉडेल १.०३ कोटी), पोर्शे ९११ कॅरेरा (२०२४ चं नवं मॉडेल १.९९ कोटी). तिसऱ्या पानावर पाच कोटींच्या पुढच्या: फेरारी २९६ जीटीबी (५.४० कोटी), लॅम्बोर्गिनी टेमेरारियो (६ कोटी). हे सगळे आकडे गाडी आपल्याकडे आली तेव्हाच्या एक्स-शोरूम किमतीचे आहेत. कर बदलले की ते बदलतात, म्हणून वहीत किमतीसमोर नेहमी महिना आणि साल लिहा.

पायरी २: वेगाचा झीरो लावा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. फसगत इथेच होते.

आधी ताकदीचं एकक. एका माहितीपत्रकात पीएस असतं, दुसऱ्यात बीएचपी, तिसऱ्यात किलोवॉट. १०० बीएचपी म्हणजे जवळपास १०१.४ पीएस, आणि किलोवॉटला १.३६ ने गुणलं की पीएस मिळतात. सगळं पीएसमध्ये आणा. फरक लहान वाटतो, पण तीनशे-चारशेच्या घरात चार-पाच आकड्यांनी सरकतो, आणि पोरं तेवढ्यावरून तासभर भांडतात.

मग शून्य ते शंभर. अमेरिकी मासिकं शून्य ते ६० मैल मोजतात. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी, शंभर नव्हे. शिवाय तिकडे पहिला एक फूट गाडी सरकेपर्यंत घड्याळ सुरूच करत नाहीत, त्यात साधारण पाव सेकंद वाचतो. म्हणून अमेरिकी व्हिडिओतला ३.५ आणि जर्मन कंपनीच्या पत्रकातला ३.९ हे एकाच गाडीचे आकडे असू शकतात. वहीत फक्त कंपनीने दिलेला शून्य ते शंभर किमीचा आकडा घ्या, सगळ्यांचा तोच.

आता पहिलं पान उघडा. गोल्फ आणि ऑक्टाव्हिया दोन्हींत तेच दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दोन्हींत २६५ पीएस, दोन्हींत ३७० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. तरी गोल्फ ५.९ सेकंदांत शंभर गाठते, ऑक्टाव्हियाला ६.४ लागतात. ऑक्टाव्हिया लांब आहे, मागे सामानाची प्रचंड जागा आहे. नवख्याने पहिला धडा इथे घ्यावा: इंजिन म्हणजे गाडी नव्हे.

दुसऱ्या पानावर गंमत वाढते. ताकदीला वजनाने भागा. एम२ चे ४८० पीएस, वजन साधारण १.७३ टन, म्हणजे टनाला २७७. ९११ कॅरेराचे ३९४ पीएस, वजन १.५२ टन, म्हणजे टनाला २५९. या हिशोबाने एम२ पुढे हवी. प्रत्यक्षात एम२ ला ४.० सेकंद लागतात आणि ९११ ला ४.१, स्पोर्ट क्रोनो हे जादा पॅकेज घेतलं तर ३.९. कमी ताकदीत ही बरोबरी कशी? ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं आहे आणि गाडी ढकलतात ती मागचीच चाकं. बराचसा भार जिथे जोर लागतो तिथेच. बैलगाडीत माल कुठे रचायचा हे ज्याने आजोबांकडून ऐकलंय त्याला हे लगेच पटेल. एम२ मध्ये इंजिन पुढे, जोर मागे, त्यामुळे सुटताना टायर घसरू नये याची काळजी घ्यावी लागते.

सायबरस्टर तर ३.२ सेकंदांत शंभर गाठते. ५१० पीएस, ७२५ न्यूटन मीटर, आणि विजेच्या मोटरला तो टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो. मग ती ९११ पेक्षा वेगवान म्हणायची का? शंभरपर्यंत नक्की. पण तिचा टॉप स्पीड दोनशेच्या आसपास थांबतो आणि ९११ चा २९४ वर. वजनही जवळपास दोन टन. वेग हा एक आकडा नाही, हे या एका जोडीवरून समजतं. वहीत तीन रकाने करा: शून्य ते शंभर, ऐंशी ते एकशेवीस आणि टॉप स्पीड. मधला रकाना महामार्गावर ओव्हरटेक करताना कामाला येतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

टॉप स्पीडबद्दल एक हिशोब मला फार आवडतो. वेग वाढतो तशी हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. दुप्पट वेगाला आठपट ताकद. करून बघा: ९११ कॅरेरा ३९४ पीएसमध्ये २९४ किमी गाठते. २००५ ची बुगाटी व्हेरॉन १००१ पीएसमध्ये ४०७ किमी गाठायची. वेगाचं गुणोत्तर १.३८, त्याचा घन २.६५. ताकदीचं गुणोत्तर २.५४. दोन वेगळ्या देशांत जमवलेल्या, वेगळ्या आकाराच्या, वेगळ्या वजनाच्या गाड्या, तरी निसर्गाचा नियम जवळपास तंतोतंत बसतो. पोरांनी हे स्वतः कॅल्क्युलेटरवर काढलं त्या दिवशी चहा गार झाला.

तिसऱ्या पानावर आणखी एक सापळा आहे, वजनाचा. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी बऱ्याचदा कोरडं वजन सांगतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल, पाणी न धरता. पोर्शे, बीएमडब्ल्यू भरलेल्या गाडीचं सांगतात. कोरड्याची तुलना कोरड्याशीच करा. २९६ जीटीबी ८३० पीएस, कोरडं वजन १४७० किलो: टनाला ५६५. टेमेरारियो ९२० पीएस, १६९० किलो: टनाला ५४४. तरी सुटताना टेमेरारियो २.७, फेरारी २.९, कारण लॅम्बोर्गिनीची चारही चाकं जोर लावतात आणि फेरारीची मागची दोनच.

टेमेरारियोचा एक आकडा मात्र मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो: १०,०००. तिचं चार लिटरचं व्ही-८ इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेतं. सेकंदाला १६६ फेरे, म्हणजे प्रत्येक पिस्टन एका सेकंदात १६६ वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक टोकाला पूर्ण थांबून उलटा वळतो. तो धक्का सहन करायला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे, टायटॅनियमचे केलेत. दोन-चार ग्रॅमचा असमतोल राहिला तर तीन हजार फेऱ्यांवर काय कंप येतो हे आमच्या गावात ज्याने क्रँकशाफ्टवर काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. असमतोलाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, तेव्हा तीन हजाराऐवजी दहा हजारांवर तोच दोष अकरापट होतो. बेळगावची फाउंड्री आणि मशिन शॉप यांच्यात वाढलेल्या माणसाला सुपरकारमधली खरी किंमत कशाची हे इथे दिसतं.

तिची आधीची बहीण हुराकान २०१४ पासून दहा वर्षं चालली, ५.२ लिटरचं टर्बोशिवायचं व्ही-१० इंजिन घेऊन. तिचा आवाज ज्याने ऐकलाय तो नव्या गाडीकडे थोडा हळहळूनच बघतो. आवाजाला वहीत रकाना नाही, शेजारी पेन्सिलने लिहा.

पायरी ३: तो वेग आपल्या रस्त्यावर ठेवून बघा

कोगनोळीपासून हिरेबागेवाडीपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग ४८ हा आपल्या भागातला सगळ्यात चांगला रस्ता. दुभाजक असलेल्या चारपदरी महामार्गावर मोटारीसाठी केंद्राने २०१८ मध्ये १०० किमीची कमाल मर्यादा ठरवली. कर्नाटकात २०२४ च्या ऑगस्टपासून १३० च्या वर सापडलात तर नुसता दंड भरून सुटका नाही, थेट गुन्हा नोंदवतात. म्हणजे २९४ आणि ३४३ यांच्यातला फरक संकेश्वर ते हत्तरगीमध्ये कुणालाच कळणार नाही.

चार सेकंदांत शंभर गाठणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ५५ मीटर जाते. शंभरच्या वेगात डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर २८ मीटर गेलेच. ऊसतोडणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर चिकोडी-संकेश्वर भागात मागचा दिवा नसलेली ट्रॉली समोर येते तेव्हा हे २८ मीटर आठवतात. म्हणून शंभरवरून थांबायला किती मीटर लागतात हाही रकाना वहीत हवाच. चांगल्या स्पोर्ट्स कारचा आकडा बत्तीस ते छत्तीस मीटरच्या घरात असतो. माझ्या मते आपल्या भागातल्या माणसाने आधी हा रकाना बघावा, मग बाकीचे.

आता हंप. याची चाचणी घरच्या घरी करता येते. ९११ च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर. तेवढी सरळ लाकडी पट्टी घ्या, दोन्ही टोकांना १२ सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठोका. अशा गाड्यांची जमिनीपासूनची उंची साधारण ११ ते १३ सेंटिमीटर असते. ही पट्टी आपल्या गल्लीतल्या हंपवरून सरकवत न्या. मधे टेकली, तर गाडीचं पोटही टेकणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे हंप १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असतो. तसा असेल तर दोन चाकांमध्ये तो साडेचार सेंटिमीटरच वर डोकावतो आणि गाडी आरामात जाते. अडचण आहे ती गावोगावी वर्गणी काढून घातलेल्या, हातभर रुंदीच्या आणि वीतभर उंचीच्या हंपची. मी आमच्या घरापासून शॉपपर्यंत पट्टी घेऊन गेलो होतो, एका रविवारी सकाळी. नऊ हंपांपैकी तीन जागी पट्टी टेकली. ते तीन वगळून जाणारा रस्ता आता मला पाठ आहे, गाडी नसली तरी.

पोटाइतकंच नाकही बघा. पुढच्या चाकापासून नाकापर्यंत सुमारे एक मीटर अंतर आणि नाकाखाली १२ सेंटिमीटर जागा, म्हणजे आठ फुटांना एक फूट चढापेक्षा उभा उतार असेल तर नाक घासेल. टिळकवाडीतल्या कित्येक घरांच्या फाटकापुढचा उतार याहून उभा आहे. पोर्शे, लॅम्बोर्गिनीसारख्या कंपन्या बटण दाबून नाक वर उचलायची सोय देतात. पोर्शेची सोय चार सेंटिमीटरच्या आसपास उचलते. ती जादा पैसे देऊन घ्यावी लागली तर घ्या. रंगीत शिलाई, कार्बनची पट्टी वगैरे नंतर.

टायरवर लिहिलेलं वाचायला शिका. ९११ कॅरेराच्या मागच्या टायरवर २९५/३५ झेडआर २० असं असतं. रुंदी २९५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ३५ टक्के, म्हणजे दहा सेंटिमीटर. पुढच्याची बाजू तर साडेनऊच. खड्ड्याचा धक्का झेलायला एवढंच रबर. आणि एवढा रुंद टायर पावसाच्या साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगायला लागतो. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर कसा पाऊस पडतो ते आपल्याला माहीत आहे. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाण्याचा बेत त्या चार महिन्यांत या गाडीत आखू नका. वेंगुर्ला रोडने आंबोलीला जायचं तर दिवाळीनंतर.

पेट्रोलच्या झाकणामागे किमान ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची प्रत सांगणारा आकडा, लिहिलेला असतो, बहुतेक अशा गाड्यांत ९५ किंवा ९८. आपल्या नेहमीच्या पंपावर तसं पेट्रोल मिळतं का, ते आधीच विचारून ठेवा.

पायरी ४: रूप बघायला शिका

रूपात आवडनिवड आपली, पण बघण्याची एक पद्धत असते. गाडी बाजूने, निदान वीस पावलांवरून बघा. बॉनेट लांब आणि काच मागे सरकलेली असेल तर इंजिन पुढे आहे. काच पुढे, बसायची जागा जवळपास मधोमध आणि मागे रुंद खांदे असतील तर इंजिन पाठीमागे आहे. ९११ सारखी मागे सरळ उतरत गेलेली पाठ असेल तर इंजिन अगदी शेपटीत. रूप हे आतल्या मांडणीचं बाहेर आलेलं रूप आहे, हे एकदा कळलं की गाड्या ओळखू यायला लागतात.

ती पाठ १९६३ पासून तशीच आहे. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी आखलेली ही गाडी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने मांडली होती. मधे शून्य असलेली तीन आकडी नावं आपली आहेत म्हणून फ्रान्सच्या प्यूजोने हरकत घेतली आणि १९६४ मध्ये नाव ९११ झालं. साठ वर्षांत प्रत्येक पिढी बदलली, पण रेघ सोडली नाही. गणपतीच्या मूर्तीत शाडू, रंग, दागिने बदलले तरी मूर्तिकाराचा हात ओळखू येतो, तसं.

लॅम्बोर्गिनीचा रस्ता उलटा, दर वेळी धक्का द्यायचा. १९६६ ची मिउरा आणि नंतरची काउंटाश या दोन्ही मार्चेल्लो गांदिनी यांच्या रेघेतल्या. काउंटाशचे दार वर उघडायचे ते नुसत्या दिमाखासाठी नव्हे. मागचं काही दिसायचंच नाही, म्हणून गाडी मागे घेताना दार वर करून चौकटीवर बसून मागे बघायचे. दार वर गेल्याने अरुंद जागेतही उतरता येतं. सायबरस्टरचीही दारं तशीच वर जातात. आपल्या पार्किंगच्या छताची उंची मोजून ठेवा.

उभं राहून बघणं झालं की आत बसा आणि मागे बघा. खडेबाजारात, गणपत गल्लीत संध्याकाळी डावी-उजवीकडून दुचाकी घुसतात. मागच्या काचेतून त्या दिसतात का? आरशात दिसतात का? रूपाचा हा भाग फोटोत येत नाही. शिवाय कमरेला त्रास असलेल्या घरातल्या माणसाला एकदा बसवा आणि उठवा. माझ्या एका मित्राने घरच्यांना बसवून बघितलं, आईला उठताना दोन हात द्यावे लागले, आणि त्याने पसंतीचं पान बदललं.

रंगाबद्दल एवढंच: खानापूरकडची तांबडी धूळ पांढऱ्या आणि फिक्या राखाडीवर लगेच दिसते, काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. पुढच्या भागाला पारदर्शक संरक्षक फिल्म पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

पायरी ५: किंमत, आणि आपली सीमा

एक्स-शोरूम किंमत ही सुरुवात. पूर्ण बांधून बाहेरून आणलेल्या महागड्या गाडीवर आयात शुल्क शंभर टक्क्यांच्या वर बसत आलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे, बॅटरीच्या गाडीवर ५ टक्के. म्हणून परदेशी व्हिडिओतली डॉलरमधली किंमत रुपयांत बदलून "तिकडे स्वस्त" म्हणण्यात अर्थ नाही.

त्यावर रस्ता कर. कर्नाटकात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आजीवन कर १८ टक्के, त्या करावर पुन्हा उपकर, आणि वर कुठेही मर्यादा नाही. महाराष्ट्रात टक्केवारी वेगळी आणि कराला कमाल मर्यादा: आधी २० लाख, २०२५ च्या जुलैपासून ३० लाख. आता उपकर न धरता हिशोब मांडा. पन्नास लाखांच्या ऑक्टाव्हियाला बेळगावात ९ लाख. १.९९ कोटींच्या ९११ ला ३५.८ लाख. सहा कोटींच्या टेमेरारियोला १ कोटी ८ लाख. सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रात, त्याच टेमेरारियोला जास्तीत जास्त ३० लाख. मधे सीमेची एक कमान, आणि ७८ लाखांचा फरक. बॅटरीच्या २५ लाखांवरच्या गाडीला कर्नाटकात १० टक्के, म्हणजे सायबरस्टरला साडेसात लाख.

हा फरक ऐकला की कुणीतरी हळूच म्हणतंच, "चंदगडात मामा आहेत, एमएच-०९ घेऊया की." मला ही कल्पना सुचणाऱ्यांचा राग येत नाही. आपल्याकडे नातीगोती, शेती, देवस्थानं सगळं सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलंय, तेव्हा पत्ता दाखवणं सोपं वाटतं. पण मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम स्पष्ट आहे: गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, आणि तिथला कर आला. २०२५ च्या जुलैत बेंगळुरूत महाराष्ट्राच्या नंबरची एक लाल फेरारी परिवहन खात्याने पकडली. कर आणि दंड मिळून सुमारे १ कोटी ४१ लाख रुपये भरावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीतही तिथे परराज्यांच्या नंबरच्या तीसेक महागड्या गाड्या एका मोहिमेत जप्त केल्या होत्या. जिथे राहता, जिथे गाडी रात्री उभी राहते, तिथलाच नंबर घ्या. बेळगावात राहणाऱ्याचा केए-२२, चिकोडीचा केए-२३. खरोखर कोल्हापुरात घर असेल आणि गाडी तिथेच राहणार असेल तर एमएच-०९ मध्ये काहीच गैर नाही. जुनी गाडी महाराष्ट्रातून आणायची असेल तर तिकडच्या कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र, इकडचा कर आणि तिकडच्या उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा, हे तिन्ही व्यवहाराच्या आधी कागदावर लिहून घ्या.

दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का कर वेगळा घेतो. तो आयकराच्या हिशोबात वळता होतो, घाबरू नका, पावती मात्र जपा. विमा काढताना झीरो डेप्रिसिएशन (म्हणजे भागांची झीज वजा न करता भरपाई देणारा विमा) घ्याच, कारण अशा गाडीच्या एका दिव्याची किंमत आपल्या पहिल्या गाडीच्या किमतीइतकी असू शकते.

आणि सर्व्हिस. बेळगाव हे मुंबई आणि बेंगळुरूच्या जवळपास मधोमध, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास. ट्रकला आणि मालाला हे सोयीचं, फेरारी-लॅम्बोर्गिनीला नव्हे. त्यांची शोरूम त्याच दोन शहरांत आणि दिल्लीच्या बाजूला. गाडी बंद पडली तर फ्लॅटबेड ट्रकने न्यायची, दोराने ओढायची नाही. तो ट्रक कुठून येणार, किती तासांत, पैसे कुणाचे, हे विकत घ्यायच्या आधी लेखी विचारा. दुसऱ्या पानावरच्या बीएमडब्ल्यूला गोवा, पुणे ही जवळची ठिकाणं आहेत, आणि पहिल्या पानावरच्यांचं काम त्याहून सोपं. वर्षाचा खर्च म्हणून वहीत चार ओळी लिहा: सर्व्हिस, टायर, विमा, ने-आण. पाच वर्षांनी गुणा आणि किमतीत मिळवा. दोन गाड्यांची तुलना त्या बेरजेवर करा.

पायरी ६: जुनी बघायची असेल तर

दोन वर्षांपूर्वी चिकोडीच्या एका दोस्ताबरोबर मी मोठ्या शहरात एक वापरलेली कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, बघायला गेलो. रंग आरशासारखा, मीटरवर अठरा हजार किमी. टायरच्या नक्षीला हात लावला, खोल होती, पण रबर दगडासारखं. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २२१७ होतं. म्हणजे २०१७ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मग लिफ्टवर चढवायला लावली. पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण ओरबाडून वर ताजा काळा रंग मारलेला. विक्रेत्याने रंगाचा विषय काढला, आम्ही ओरखड्यांचा काढला, आणि रिकाम्या हाताने परतलो. लिफ्टवर चढवू न देणाऱ्याकडे वेळ घालवू नका. कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातून पैसे भरून तपासणी करून घ्या, आणि पूर्ण सर्व्हिस नोंदी नसतील तर सौदा तिथेच संपवा.

पायरी ७: चालवून बघताना

एकामागून एक, एकाच दिवशी, शक्यतो एकाच रस्त्यावर दोन गाड्या चालवा. वेगळ्या आठवड्यात चालवलेल्या गाड्यांची आठवण एकमेकींत मिसळते. पहिली दहा मिनिटं संगीत बंद. आधी गर्दीतून न्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसतात का बघा. एक खडबडीत तुकडा मुद्दाम शोधा. मोकळ्या रस्त्यावर ऐंशी ते शंभर एकदा, ब्रेक दोनदा, मागे कुणी नाही याची खात्री करून. वेगाची खरी हौस भागवायची तर कोइमतूरचा २.१ किमीचा करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किमीचा बुद्ध सर्किट आहे. तिथे प्रशिक्षकाला शेजारी बसवून एक दिवस घालवलेला माणूस आणि व्हिडिओ बघून शिकलेला माणूस यांच्या हातातला फरक पहिल्याच वळणावर दिसतो.

टेस्ट ड्राइव्ह झाली की वहीतले उरलेले रकाने त्याच दिवशी, घरी पोचायच्या आधी भरा. मुंबई-पुण्याहून परतत असाल तर हत्तरगीचा टोल ओलांडून चहाला थांबा, आणि तिथेच भरा.